मुंबईला परत येणारे बेने इस्राएल

बेने इस्राएल हा कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला मराठी बोलणारा ज्यू समाज. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचे मुख्य शहर मुंबई होते. १९४८ नंतरच्या तीन दशकांत या समाजाचा बराच मोठा भाग इस्राएलला स्थायिक झाला. आज लोद, रमला, अश्दोद, बेर शेवा, दिमोना अशा शहरांतून ही कुटुंबे सुटी काढून मुंबईला येतात. जुन्या वस्तीतले सिनेगॉग पाहावे, वरळीच्या दफनभूमीत आजी-आजोबांची कबर शोधावी, ठाण्याच्या नातेवाइकांकडे दोन दिवस राहावे, अलिबागच्या बाजूला जाऊन नवस फेडावा आणि या सगळ्यात मुंबईचे खाणे मनसोक्त खावे, असा या सहलीचा साधारण बेत असतो. हा बेत सहज जमून आलेला दिसतो. पण त्यातल्या प्रत्येक मुक्कामामागे समाजाच्या इतिहासातला एकेक टप्पा आहे. कोकणातून मुंबई आणि मुंबईतून इस्राएल असे हे स्थलांतर दोनदा झाले, आणि सोडलेल्या ठिकाणी सणासुदीला परत जाण्याची रीतही दोन्ही वेळा टिकली.

समाजाची परंपरागत कथा अशी: दोन हजार वर्षांपूर्वी, राजा अंतियोकसच्या छळाला कंटाळून निघालेल्या काही ज्यू कुटुंबांचे जहाज चेऊल बंदराच्या उत्तरेला नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते त्यांनी नवगावलाच पुरली. तेथील जुन्या दफनस्थळी आज स्मारकस्तंभ उभा आहे. या कथेतील काळाला लेखी पुरावा नाही आणि अभ्यासकांमध्ये त्याबद्दल मतभेद आहेत. कोकणातल्या वास्तव्याच्या खुणा मात्र ठळक आहेत. वाचलेल्यांचे वंशज तीळ, खोबरे यांचे तेल गाळण्याच्या धंद्यात स्थिरावले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, दिवेकर, किहीमकर, चेऊलकर, अष्टमकर, राजपूरकर, रोहेकर, झिराडकर, नवगावकर ही त्यांची आडनावे आहेत. अशी शंभराहून जास्त गावांची नावे या समाजाने आडनाव म्हणून जपली. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यातला नकाशा या आडनावांवरून जवळजवळ पुरा मांडता येतो.

कोकणातल्या त्या सुरुवातीच्या काळात हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ नव्हते. टिकून राहिली ती शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी होणारी सुंता, खवले नसलेले मासे न खाण्याचा नियम, काही सण-उपास आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. पुढे दावीद राहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाने यांना ओळखले, आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांतील तिघांना धर्मविधी शिकवून काजी नेमले, असे समाज सांगतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या ज्यूंशी संबंध वाढला आणि धर्मशिक्षणाला नेटकेपणा आला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. धर्मांतर घडवणे हा मिशनऱ्यांचा हेतू होता. तो जवळजवळ फसला, पण हिब्रू शिकलेली एक पिढी त्यातून तयार झाली आणि तिने आपलाच धर्म अधिक समजून घेतला.

मुंबईत पहिले आले ते दिवेकर घराणे, अठराव्या शतकाच्या मध्यास. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत भरती सुरू झाली तशी रोहा-पेणची तरुण मुले मुंबईला येऊ लागली. सुभेदार, सुभेदार मेजर या हुद्द्यांपर्यंत त्यांतील अनेक जण पोहोचले. या पलटणींतला सामाजी हसाजी, म्हणजे सॅम्युएल इझकिएल दिवेकर, म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. आपण बनी इस्राएल आहोत असे त्याने सांगताच टिपूच्या आईने रदबदली करून त्याचा जीव वाचवला, आणि सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन हा नवस त्याने मुंबईत येऊन फेडला, अशी कथा घराघरांत सांगितली जाते. १७९६ मध्ये मांडवी भागात उभे राहिलेले ‘शार हाराहमीम’ हे मुंबईचे पहिले सिनेगॉग. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. १८४० च्या सुमारास निघालेल्या दुसऱ्या सिनेगॉगला नवी मशीद हे नाव पडले. जुन्या मशिदीकडे जाणारा रस्ता सॅम्युएल स्ट्रीट म्हणून ओळखला जाई आणि आसपासची वस्ती इस्राएल मोहल्ला म्हणून. मशीद बंदर हे नाव याच सिनेगॉगवरून आले असे समाज मानतो.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात समाजाचा सुमारे एकतृतीयांश भाग मुंबईत आला होता. पलटणीखेरीज सुतारकाम, गवंडीकाम, छापखाना, रेल्वे, टपाल, गिरण्या आणि सरकारी कचेऱ्यांतील कारकुनी ही त्यांची मुंबईतली कामे. वस्ती मांडवी-उमरखाडीकडून हळूहळू उत्तरेला सरकली. नागपाडा, माझगाव, भायखळा, आग्रीपाडा, जेकब सर्कल या भागांत चाळी भरल्या आणि त्या चाळींच्या आधाराने सिनेगॉगही उभे राहिले. उमरखाडीत ‘एत्स हाईम’, जेकब सर्कलजवळ ‘तिफेरेथ इस्राएल’, आग्रीपाड्यात ‘मागेन हसिदीम’. याच भागात बगदादहून आलेल्या अरबी बोलणाऱ्या ज्यूंचीही घरे होती. डेव्हिड ससून हे त्यांचे पुढारी. भायखळ्याचे ‘मागेन डेव्हिड’ आणि फोर्टमधले १८८४ चे ‘केनेसेथ एलियाहू’ ही ससून घराण्याने बांधलेली सिनेगॉग. इमारत म्हणून ती अधिक भव्य आहेत आणि पर्यटक आधी तिथेच जातात. परंतु दोन्ही समाजांत रोटीबेटीचे व्यवहार फारसे होत नसत. बगदादी मंडळी बेने इस्राएलांना कमी लेखत, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. इस्राएलहून येणाऱ्या मराठी कुटुंबाच्या आठवणी मांडवीत आणि आग्रीपाड्यात असतात, ते याचमुळे.

मुंबईतल्या या समाजाने शंभर वर्षांत जे उभे केले त्याचा विस्तार लोकसंख्येच्या मानाने थक्क करणारा आहे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजातील मुलांसाठी शाळा काढली. माझगावची ही शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. किहीमकरांनीच समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १८९७ मध्ये लिहून झाला होता, छापला गेला मात्र १९३७ मध्ये आणि तोही तेल अवीवला. जोसेफ इझकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे एकामागून एक केली. पेसाह या सणाच्या रात्री वाचायचा ‘हगादा’ मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये छापला गेला. पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या हगादात नऊवारी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी लाटताना दाखवल्या आहेत. तो चित्रित पानांचा ग्रंथ आज संग्राहकांच्या दृष्टीने मोलाचा आहे. १८८० च्या सुमारास समाजातील मंडळींनी हरिदासी कीर्तनाचा घाट उचलला. साकी, दिंडी, आर्या या वृत्तांत आब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने रंगू लागली. झांज-पेटीच्या साथीने बायबलमधील कथा मराठीत ऐकण्यासाठी चाळीच्या पटांगणात गर्दी होई. हा प्रकार पुढे मागे पडला, पण इस्राएलमध्ये जुन्या पिढीतल्या बायकांनी त्यातली पदे गात ठेवली.

विसाव्या शतकात हा छोटा समाज शहराच्या सार्वजनिक जीवनात ठसठशीतपणे दिसू लागला. डॉ. एलायजा मोझेस राजपूरकर १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मी-वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्या नावाचा. डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा रुग्णालयाची वैद्यकीय धुरा सांभाळली आणि प्रसूतिशास्त्रात नाव कमावले. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिक्षणतज्ज्ञ रिबेका रूबेन यांनी कदूरी शाळेचे मुख्याध्यापकपद दीर्घकाळ भूषवले. ‘बूट पॉलिश’ चित्रपटातले जॉन चाचा रंगवणारे डेव्हिड हे मूळचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आणि इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सीम इझिकिएल हेही याच समाजातले. वरळीच्या ज्यू दफनभूमीत फिरताना मराठी, हिब्रू आणि इंग्रजी अशा तीन भाषांत कोरलेली नावे दिसतात. येणाऱ्या कुटुंबांचा पहिला दिवस बहुधा इथेच जातो. कबर सापडली की दगड धुऊन काढतात, मेणबत्ती लावतात आणि ‘कद्दीश’ ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणतात.

मुंबईत राहूनही या लोकांचे कोकण सुटले नाही. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर आजची सहल अर्धीच समजते. लग्न, सुंता, नवस आणि एलियाहू हनाबीचा उरूस यांसाठी मुंबईकर बेने इस्राएल भाऊच्या धक्क्यावरून रेवसची बोट धरत. अलिबागजवळच्या खंडाळे गावी सागाव नावाच्या वस्तीत एक खडक आहे. संदेष्टा एलियाहू अग्निरथात बसून येथूनच स्वर्गाला गेला आणि रथाच्या चाकांचे व घोड्याच्या टापांचे ठसे खडकावर राहिले, अशी श्रद्धा आहे. हिब्रू शेवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, तेथे लोक जमत. मुंबईच्या चाळीतल्या पोरांसाठी ही वर्षातली खरी सुटी. सासवणे-किहीमचा किनारा, ताडाच्या वाड्या, वाडीतला मुक्काम आणि मलिद्याचे ताट यांची आठवण अनेकांच्या लहानपणात मिसळलेली आहे. अलिबागचे ‘मागेन आबोथ’, रेवदंड्याचे ‘बेथ एल’ आणि पेणचे सिनेगॉग याच परिसरात आहेत. ज्यांनी लहानपणी सणासाठी मुंबईहून अलिबाग गाठले होते त्यांनाच पुढे सणासाठी बेर शेवाहून मुंबई गाठावी लागली. सवय जुनी होती, अंतर तेवढे वाढले.

खाण्यापिण्याची परंपरा याच सणांच्या कॅलेंडरवर बांधलेली आहे. धर्माचा मुख्य नियम मांस आणि दूध एकत्र न करण्याचा. कोकणात राहणाऱ्याला हा नियम पाळणे अवघड गेले नाही, कारण नारळ हाताशी होता. मटणाचा वा कोंबडीचा रस्सा नारळाच्या दुधात शिजतो, आणि त्यानंतर खायचे गोडही नारळाच्याच दुधातले, म्हणजे दुधाचा पेच राहत नाही. मासे भरपूर, मात्र खवल्यांचे आणि परांचे. पापलेट, रावस, पाला चालतात, कोळंबी, खेकडा, तिसऱ्या वर्ज्य. शेजारच्या कोळणीला घरोघरचा हा नियम ठाऊक असे. मांसासाठी प्राणी धर्माप्रमाणे कापण्याचे काम हज्जान, म्हणजे सिनेगॉगमधील प्रार्थना चालवणारा, किंवा जाणकार करतो. हल्ली मुंबईत असे मांस मिळणे सोपे नाही, म्हणून पाळणारे पाहुणे बाहेर जेवताना थेट शाकाहारी खाणावळ गाठतात. मुंबईच्या गुजराती थाळ्या, उडपी हॉटेले, बटाटेवडा, भेळ, पाणीपुरी ही त्यांना बिनधोक सापडतात. धर्माचा आणि जिभेचा असा मेळ जगातल्या फार थोड्या शहरांत बसतो.

नव्या वर्षाच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, चिकाचा हलवा हवाच. गहू भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक काढतात आणि नारळाचे दूध व साखर घालून तो तासन्‌तास घोटतात. मग गुलाबी रंग देऊन थाळ्यात थापतात, वर बदाम-पिस्ते पेरतात आणि शंकरपाळ्याच्या आकारात कापतात. इतके हात लागतात की पूर्वी चाळीतल्या बायका तो एकत्र बसून करीत. आता मुंबईतही अनेक घरी चायनाग्रास घालून सोपा हलवा करतात. जुन्या रीतीचा हलवा कोणाकडे होणार याची बातमी येणाऱ्या पाहुण्यांना आधीच लागलेली असते. त्याच महिन्यात खिरीचा सण येतो आणि नव्या तांदळाची खीर होते. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, समाज दारफळणी म्हणे. त्या दिवशी घराची दारे लावून उपास होई. त्यासाठी आदल्या दिवशी करंजीसारख्या गोड पुऱ्या तळून ठेवत. उपासानंतरचा दिवस हा शिळा सण: दानधर्म, भेटीगाठी आणि उरलेसुरले खाणे. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक ज्या उपासात पाळतात तो बिरड्याचा. वालाचे बिरडे त्या उपासाच्या निमित्ताने केळीच्या पानावर, जमिनीवर बसून खात. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, प्याल्यात द्राक्षाची दारू मिळणे कठीण, म्हणून मनुका उकळून गाळलेले सरबत चाले. आजही बेने इस्राएल घरातल्या शुक्रवारच्या संध्याकाळी मनुकांचे सरबत दिसते.

या सगळ्यांच्या मध्यभागी मलिदा आहे. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, सुकामेवा एकत्र कालवून ताटात शीग लावतात, सभोवती केळी, खजूर, सफरचंद अशी फळे, वर फुले ठेवतात. पुरुषमंडळी एलियाहू हनाबीचे स्तोत्र म्हणतात, फळांवर वेगवेगळे आशीर्वाद उच्चारतात, मग प्रसाद वाटतात. लग्नाआधी, परीक्षेत पास झाल्यावर, आजारातून उठल्यावर, नव्या घरात राहायला गेल्यावर, परदेशच्या प्रवासाआधी आणि परतल्यावर मलिदा होतो. जगातल्या कुठल्याच दुसऱ्या ज्यू समाजात हा विधी नाही. पोह्यांसारखा साधा कोकणी पदार्थ संदेष्ट्याच्या नावाने अर्पण करणे ही या समाजाची स्वतःची निर्मिती, आणि तिला समाजाच्या ओळखपत्राचा दर्जा द्यायला हरकत नाही. इस्राएलला गेलेल्यांनी तो सोडला नाही. तेथेही एलियाहूशी जोडलेल्या पवित्र स्थळी, विशेषतः हैफाच्या गुहेत, ते मलिदा नेतात. तरी नवस बोलताना ‘सागावला जाऊन फेडीन’ असे म्हणणारे अजून आहेत.

स्थलांतर १९४८ नंतर वेगाने झाले. त्या वेळी भारतात बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्यांना इथे छळ सोसावा लागला नव्हता, ही गोष्ट ते आवर्जून सांगतात. धर्माची ओढ, स्वराज्यानंतर इंग्रजी कचेऱ्यांतील आणि रेल्वेतील नोकऱ्यांबद्दल वाटणारी अनिश्चितता, नातेवाईक गेल्यामुळे मागे राहिलेल्यांची कुचंबणा अशा अनेक कारणांनी लोक गेले. तिथला अनुभव सोपा नव्हता. वाळवंटातील नव्या गावांत काम मिळे ते मजुरीचे, भाषा अपरिचित, काळ्या वर्णावरून अपमान. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि भारतात परत पाठवण्याची मागणी केली. शे-दीडशे जण मुंबईला परत आलेही. त्यातील बरेच पुढे पुन्हा इस्राएलला गेले. मोठा लढा झाला तो १९६० च्या दशकात. बेने इस्राएलांशी विवाह करताना त्यांच्या पूर्वजांच्या ज्यूपणाची चौकशी व्हावी असे आदेश तेथील मुख्य धर्मपीठाने दिले. त्याविरुद्ध समाजाने निदर्शने केली, संप केला, आणि १९६४ मध्ये क्नेसेट या संसदेने समाजाच्या बाजूने ठराव केल्यावर धर्मपीठाला आदेश मागे घ्यावे लागले. मुंबईतल्या समाजानेही त्या वेळी निषेधाच्या सभा घेतल्या होत्या. सध्या इस्राएलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू असल्याचे सांगतात, त्यांत बेने इस्राएल सर्वांत अधिक.

परत येण्याची वाट मात्र दीर्घकाळ अरुंद राहिली. भारताने सप्टेंबर १९५० मध्ये इस्राएलला मान्यता दिली आणि १९५३ मध्ये मुंबईत इस्राएलचे वाणिज्य दूतावास कार्यालय सुरू झाले, तरी पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ पर्यंत नव्हते. इस्राएली पारपत्रावर भारताचा व्हिसा मिळवणे त्या चार दशकांत सोपे नव्हते. ज्यांना भावाच्या लग्नाला किंवा आईच्या अखेरच्या आजारात यायचे असे त्यांनाही ते सहज जमत नसे. १९९२ नंतर परिस्थिती बदलली. थेट विमानसेवा सुरू झाली, सौदी अरेबियावरून जाण्याची बंदी असल्यामुळे ती अरबी द्वीपकल्पाला वळसा घालून जाई. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली-तेल अवीव विमानाला सौदी हवाई हद्दीतून जाण्याची परवानगी मिळाली. जुलै २०१७ मध्ये इस्राएलच्या भेटीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी इस्राएलची सक्तीची लष्करी सेवा केलेल्या भारतीय वंशीयांनाही ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड देण्याची घोषणा केली. तोवर लष्करात सेवा केली म्हणून तरुणांना ते नाकारले जात असे. आजोबांच्या जन्मगावी जाण्यासाठी आता वारंवार व्हिसा काढावा लागत नाही.

या सहलींचा हंगाम मुख्यतः थंडीचा. हवा बरी असते, आणि शेवाटचा पंधरावा दिवसही तेव्हाच येतो. मुंबईला उतरलेले कुटुंब पहिले दोन-तीन दिवस शहरात घालवते. मांडवीचे जुने सिनेगॉग दाखवताना आजी नातवंडांना लाकडी बाकडी, प्रार्थना चालवण्यासाठी मधोमध उंचावर असलेली ‘तेबा’, बायकांचा सज्जा, छताला टांगलेले तेलाचे दिवे आणि सुंतेच्या विधीसाठी ठेवलेली एलियाहूची खुर्ची दाखवते. प्रार्थना संपल्यावर एकमेकांच्या हाताला हात लावून बोटांचे चुंबन घेण्याची रीत तेथे अजून आहे. सिनेगॉगच्या बाहेर आता मसाल्यांची, कापडाची, लोखंडाची दुकाने आहेत. इस्राएल मोहल्ल्यात बेने इस्राएल घर नाही म्हटले तरी चालेल. आग्रीपाड्याच्या चाळी पडून तेथे टॉवर उभे राहिले आहेत. ससून आणि कदूरी यांच्या नावाच्या शाळांत शिकणारी मुले बहुसंख्येने मुस्लिम आहेत. आपण ज्या बाकावर बसलो त्यावर आता दुसऱ्या घरातली मुले बसतात, हे पाहून परत आलेली मंडळी दुःखी होत नाहीत. शाळा चालू आहे याचा त्यांना दिलासा वाटतो. काळाघोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग २०१९ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा उघडले, तेही यादीत असते.

शहरातून वस्ती हलली ती ठाण्याला. तेथील ‘शार हाशामाईम’ हे १८७९ चे सिनेगॉग आज मुंबई परिसरातल्या बेने इस्राएलांचे सर्वांत गजबजलेले केंद्र आहे. आग्रीपाडा-भायखळ्यातून स्वस्त घरांच्या शोधात निघालेली कुटुंबे १९६० नंतर तिकडे स्थिरावली. पाहुण्यांना सणाची पंगत आणि लग्नाचा मांडव अनुभवायचा असेल तर ठाण्यालाच जावे लागते. बेने इस्राएल लग्नात मेंदीची संध्याकाळ, वधूचा हिरवा चुडा, मंगळसूत्र आणि वराच्या कपाळावर फुलांचे बाशिंग असते. त्याचबरोबर हिब्रू करारपत्र आणि अंगठीही. इस्राएलमध्ये भारतीय ज्यूंची ‘मेंदी’ आज मोठ्या थाटाने होते. तिच्यासाठी लागणारे चुडे, जरीची वस्त्रे आणि साड्या दादरच्या आणि भुलेश्वरच्या दुकानांतून घेऊन जाणे हा सहलीचा एक भाग झाला आहे. पिशवीत पोहे, आमसुले, गोडा मसाला, वालाचे दाणे आणि पापडही जातात. यातला बराच माल आता लोद-अश्दोदच्या भारतीय दुकानांत मिळतो, तरी मुंबईहून आणलेल्या पोह्यांनी केलेल्या मलिद्याला घरात वेगळा मान असतो.

शेवटचे दिवस कोकणासाठी राखून ठेवतात. गेटवेवरून मांडव्याची बोट, तेथून अलिबाग, मग सागाव आणि नवगाव. बेने इस्राएल घराच्या जागेवर आता बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांची वस्ती आहे. मात्र कुठल्या आळीत तेल्याचा घाणा होता हे सांगणारी म्हातारी माणसे गावात भेटतात, आणि ‘पेणकर आले’ म्हणून घरातल्यांना हाक मारतात. अलिबागचे सिनेगॉग उघडे असते. तेथे दहा पुरुष जमल्याशिवाय सार्वजनिक प्रार्थना होत नाही, आणि गावात राहणारे बेने इस्राएल आता इतके थोडे की तो दहाचा आकडा भरायला सहलीचे लोकच उपयोगी पडतात. पाहुणे आले की हज्जानाला आनंद होतो तो यासाठी.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. भारतातील ज्यूंची संख्या आज चार-पाच हजारांच्या घरात मानली जाते, त्यांतील बहुसंख्य मुंबई-ठाणे परिसरात राहणारे बेने इस्राएल. समाजाची मराठी इस्राएलमध्येही काही काळ ‘मायबोली’ या नियतकालिकातून छापली गेली. तिसऱ्या पिढीला बोलली जाणारी मराठी समजते, वाचता येत नाही. त्यामुळे वरळीच्या दफनभूमीत आजोबांच्या कबरीवरचा मजकूर वाचून दाखवण्याचे काम आई-वडिलांकडे किंवा ठाण्याच्या मामा-मावशीकडे येते, आणि सहलीचे दिवस ठरवताना हा वाचून दाखवणारा माणूस त्या दिवशी मोकळा आहे का, हे आधी विचारून घेतले जाते.